मापटेभर सोयाबीन



फेब्रुवारी उजाडला की तुमच्याआमच्या रानात हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, ज्वारी पिवळी पडायला लागलेली असते आणि खळ्याच्या कामाची चाहूल लागलेली असते. याच दिवसांत, बहुतेक वर्षी 3 फेब्रुवारीला, जपानात घरोघर सोयाबीन भाजतात आणि संध्याकाळी लेकरांच्या हातून ते मुठीमुठीने घरात आणि दाराबाहेर उधळतात. वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. माझ्याही पडली होती. आता ती गोष्टच सांगते.

2023 साली लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी टोकियोला गेले होते. लेक-जावई निशिकासाई नावाच्या भागात राहतात. एडोगावा विभागातला हा भाग आपल्या लोकांनी गजबजलेला आहे. 2000 सालाच्या सुमाराला संगणकाच्या कामासाठी आपली मंडळी तिकडे जाऊ लागली आणि इथेच बिऱ्हाडे करून राहिली. तूरडाळ, पोह्यापासून हिंगापर्यंत सगळे दुकानात मिळते. 2019 साली तर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ तिथल्या विभाग सभेवर निवडूनही आले होते. तेव्हा परक्या मुलुखात जाऊन पडले असे काही मला वाटले नाही. थंडी मात्र अशी की बोटे वाकत नव्हती. बाळंतिणीला शेक द्यायला शेगडी पेटवायची सोय त्या चिमुकल्या घरात कुठली! तव्यावर फडके गरम करून भागवले. असो.

थोरला नातू तेव्हा सहा वर्षांचा. नोकरी करणाऱ्या आयांची मुले सांभाळायला तिकडे होइकुएन असतात, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच म्हणा. एक दिवस तो तिथून लाल कागदाचा मुखवटा घेऊन आला. दोन शिंगे, वटारलेले डोळे, सुळे बाहेर.

"आजी, शुक्रवारी ओनी येणार!"

ओनी म्हणजे त्यांचा राक्षस. डोक्यावर शिंगे, कमरेला वाघाचे कातडे, हातात लोखंडी सोटा. शिंगे आणि वाघाचे कातडेच का, याचेही कारण आहे. त्यांच्या जुन्या पंचांगात दिशांना बारा प्राण्यांची नावे दिलेली आहेत. ईशान्य दिशा बैल आणि वाघ यांच्या मधोमध येते आणि राक्षस येतो तो त्याच दिशेने, म्हणून बैलाची शिंगे आणि वाघाचे कातडे. आपण देवघर मांडायचे तर ईशान्य कोपरा धरतो, आणि त्यांच्याकडे नेमके तिथेच राक्षसाचे दार! मला हसू आले.

या सणाचे नाव सेत्सुबुन. म्हणजे ऋतूचा सांधा. दुसऱ्या दिवशी त्यांचा वसंत लागतो, त्याला रिश्शुन म्हणतात. सूर्याच्या चालीवरून वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत, त्यातला हा पहिला. म्हणून तारीख फारशी हलत नाही. 2021 आणि 2025 साली तेवढी एक दिवस अलीकडे, 2 फेब्रुवारीला आली. आणि हे पंचांग नुसते सणासुदीचे नव्हे, तर शेतकऱ्याचे आहे. रिश्शुनपासून अठ्ठ्याऐंशीवा दिवस म्हणजे मेच्या 2 तारखेच्या आसपास. तिथून दहिवराचे भय संपले असे धरतात, चहाची पाने खुडतात, भाताच्या रोपाची तयारी करतात. दोनशे दहावा दिवस 1 सप्टेंबरच्या आसपास येतो. तेव्हा भात फुलोऱ्यात असतो आणि समुद्रावरची वादळे यायचे ते दिवस, म्हणून त्या सुमाराला शेतकरी धास्तावलेला असतो. आपले मृगाकडे डोळे लागतात आणि हस्ताची धास्ती वाटते, तसेच की हे.

जुन्या काळी राजवाड्यात वर्षाअखेर रोगराई आणि भूतबाधा हाकलण्याचा विधी होत असे. तो चीनमधून आला. दाणे उधळायची रीत त्याला पुढे जोडली गेली आणि पाचशे वर्षांहून जास्त काळ ती चालत आली आहे. घरातल्या कोणी, बहुधा बापाने, ओनीचा मुखवटा घालायचा, लेकरांनी त्याच्यावर भाजलेले सोयाबीन फेकायचे आणि ओरडायचे, की राक्षसा, बाहेर हो आणि सुखा, तू आत ये. आपल्याकडे पाडव्याला बायका इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो म्हणतात, नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढून रोगराईला वेशीबाहेर घालवतात, त्याच जातीचे हे सारे.

हे सगळे लेकीने मला समजावून सांगितले. तरी मी म्हणाले, "मला नाही पटत. दाणा पायदळी तुडवायचा?"

तुम्हीच सांगा. आमचा भाग लातूरचा. जूनमध्ये सोयाबीन पेरायचे, पाऊस ओढ देतो का म्हणून आभाळाकडे बघायचे, पाने पिवळी पडली की पोटात गोळा येतो. आणि काढणीच्या ऐन वेळी पाऊस आला तर उभ्या शेंगा फुटून दाणा मातीत जातो. तो एकेक वेचताना पाठीचा काटा ढिला होतो. आणि इथे तो फरशीवर उधळायचा? खुद्द जपानात तरी सोयाबीन कुठे उतू चालले आहे! त्यांच्या गरजेपैकी अवघे सात टक्क्यांच्या आसपास त्यांच्या रानात पिकते. बाकीचे अमेरिकेतून, ब्राझीलमधून, कॅनडातून जहाजाने येते.

लेक बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, येळवसीला आपण अंबील शिंपतो, ते काय असतं गं?"

मी गप्प झाले. ज्या वाचकांना आमची येळवस माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अवसेला आम्ही सगळे रानात जातो, कडब्याच्या कोपीत पांडव मांडतो, भज्जी, उंडे, खीर आणि माठभर अंबील नेतो, आणि पूजा झाली की पिकाच्या कडेने ओरडत ओरडत अंबील शिंपतो. लहानपणी ही पोरगी माझ्या पुढे पळायची आणि माझ्याहून मोठ्याने ओरडायची. ताकात शिजवलेले ज्वारीचे पीठच ते. ते मातीत टाकताना मला कधी अन्न वाया गेल्यासारखे वाटले नव्हते.

तरी माझे मन कचरतच होते. खरे बोलायचे तर दाण्याचे निमित्त होते. हे पोर उद्या येळवस विसरेल, पाडवा विसरेल आणि राक्षसावर दाणे फेकणेच याचा सण होईल, हा काटा आत सलत होता. मी तसे म्हणाले. तेव्हा लेकीने मला एक गोष्ट सांगितली.

"गेल्या वर्षी आम्ही काही केलं नाही, आई. आपला सण नाही म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, कोणाकोणाच्या घरी ओनी आला? सगळ्यांनी हात वर केले. यानेही केला. माझे बाबा ओनी झाले होते, असं सांगितलं. मला बाईंकडून कळलं, त्या कौतुकाने सांगत होत्या."

पाच वर्षांच्या लेकराला सणासाठी खोटे बोलावे लागले. मी उठले आणि विचारले, "सोयाबीन कुठे ठेवलं आहेस?"

तिकडे दुकानात भाजलेल्या दाण्यांची पाकिटे मिळतात, सोबत कागदाचा मुखवटाही देतात. पण मी म्हणाले, विकतचे कशाला? रात्री दाणे भिजत घातले. सकाळी निथळून फडक्यावर पसरले आणि कढईत मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे हलवत राहिले. साल तडकते, दाणा आतपर्यंत खरपूस होतो, खमंग वास सुटतो. आपण पोतीच्या पोती सोयाबीन बाजारात घालतो पण घरात फारसे करत नाही. एकदा असे भाजून पाहा. मात्र कच्चे ठेवू नका, कच्चे सोयाबीन पोटाला बाधते. जपानी लोकांचे कारण आणखी वेगळे आहे. उधळलेल्या दाण्याला चुकून कोंब फुटला तर तो अपशकुन मानतात, म्हणून एकही दाणा कच्चा राहता कामा नये.

हे मला शेजारच्या आजींनी सांगितले. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहत. त्यांच्या दाराला काटेरी पानांची डहाळी आणि तिला टोचलेले माशाचे डोके मी आदल्या दिवशी पाहिले होते आणि दचकले होते. पाने ओनीच्या डोळ्यांत टोचतात आणि वासाने तो पळतो म्हणे. आपली लिंबू-मिरची तरी बरी, वास तरी येत नाही! मी दाणे भाजते आहे हे वासावरून त्यांना कळले असावे. त्या हातात एक लाकडी चौकोनी पेटी घेऊन आल्या. तिला मासू म्हणतात. मी ती हातात घेतली आणि ओळखले, हे तर माप! आपले चिपटे, मापटे, शेर, पायली, तशी त्यांची लाकडी मापे. तांदूळ याच मापाने मोजत. त्यांतले एक माप पावणेदोन लिटरच्या वर भरते, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे लहान माप. दाणे मासूत भरून आधी देवापुढे ठेवायचे, मग उधळायचे. मी ते लेकीच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढे ठेवले. खंडोबाने काही तक्रार केली नाही.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका, कारण ती आपल्याही घरची आहे. होइकुएनमधून चिठ्ठी आली होती की शाळेत खरे दाणे आणणार नाही, मुले वर्तमानपत्राच्या कागदाचे गोळे करून फेकतील. 2020 साली याच सणाच्या दिवशी शिमाने प्रांतात चार वर्षांच्या एका मुलाच्या घशात दाणा अडकला आणि ते लेकरू गेले. त्यानंतर त्यांच्या सरकारच्या ग्राहक खात्याने बजावले की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना भाजलेले सोयाबीन, शेंगदाणे असले कडक दाणे खायला देऊच नयेत. आपण दोन वर्षांच्या पोराच्या हातात फुटाणे देतो आणि ते अंगणात पळत खाते. दाणा श्वासनळीत गेला तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळत नाही. फुटाणे, शेंगदाणे लहानग्यांना नकोतच. मोठ्यालाही बसवून, चावून खायला सांगा. हसत-पळत मुळीच नको.

जपानात उत्तरेकडे, होक्काइदो वगैरे बर्फाच्या मुलखात, सोयाबीनऐवजी चक्क भुईमुगाच्या शेंगा फेकतात. बर्फात त्या सापडायला सोप्या, आणि टरफलामुळे आतला दाणा स्वच्छ राहतो, वेचून खाता येतो. हे शहाणपण मला फार आवडले. उलट अलीकडे त्या दिवशी भाताची आणि समुद्री शेवाळाची एक जाड गुंडाळी, तोंडातून शब्द न काढता, शुभ दिशेला तोंड करून खायची टूम निघाली आहे. ओसाकाकडची ती रीत दुकानदारांनी देशभर पसरवली. रात्री न खपलेल्या गुंडाळ्यांचे ढीग फेकले जाऊ लागले, तेव्हा 2019 साली त्यांच्या शेती खात्याला दुकानदारांना सांगावे लागले की खपेल तेवढेच करा. अन्नाची नासाडी म्हणायची तर ही. मापटेभर दाण्यांवर मी उगाच रागावले होते.

शुक्रवारची संध्याकाळ झाली. जावईबापू सातला येतो म्हणून गेले होते. सात वाजले, साडेसात झाले. फोन आला की कचेरीत काम अडले, दहाच्या आत काही निघता येत नाही. लेक बाळंतीण, बाळ जेमतेम वीस दिवसांचे. नातू मासू मांडीवर घेऊन दारापाशी बसलेला. रडला नाही. नुसता दाराकडे बघत बसला. त्याचे ते न रडणे मला बघवेना.

मी आत गेले. लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचला, मुखवट्याचा दोरा अंबाड्यामागे बांधला, जुन्या वर्तमानपत्राची सुरळी करून सोटा केला आणि बाहेर येऊन अशी डरकाळी फोडली की पाळण्यातले बाळ दचकून उठले. लेक म्हणाली, "अगं आई, हळू! खालचे लोक तक्रार करतील."

पोराने क्षणभर पाहिले. नऊवारीतला राक्षस त्याने कशाला पाहिला असेल! मग असा खदखदून हसला आणि पहिली मूठ माझ्या पोटावर आली. दाणे बारीक, पण जवळून मारले की चांगले लागतात बरं का! मी स्वयंपाकघरात पळाले, तिथून न्हाणीकडे, तिथून दाराकडे. तो मागे, जपानीत ओरडतोय. मध्येच मराठीत, "आजी, तिकडे नको, तिकडे बाळ आहे!" शेवटी रीतीप्रमाणे राक्षसाने घराबाहेर जायचे, म्हणून मी दार उघडून बाहेर गेले. अंगावर काटा आणणारा वारा होता. शेजारच्या आजी आपल्या दारात उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर हात घेतला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

रीत अशी की राक्षस बाहेर गेला की दार धाडकन लावून घ्यायचे. पण पोर दार लावेना. शेवटची मूठ हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले.

"आजी, थंडी आहे. तू आत ये."

"अरे, मी ओनी आहे ना?"

त्याने थोडा विचार केला. मग चवड्यांवर उभे राहून माझा मुखवटा ओढून काढला, बाहेर जिन्यापाशी ठेवला, त्याच्यावर मूठ फेकली, माझा हात धरून मला आत घेतले आणि दार लावले.

पुढे मला कळले की जपानातही सगळीकडे राक्षसाला हाकलत नाहीत. नारितासान नावाच्या मोठ्या देवळात फक्त सुखाला बोलावतात, राक्षसाला बाहेर हो म्हणतच नाहीत. तिथला देव फुदो, म्हणजे आपल्याकडून बौद्ध धर्माबरोबर गेलेला अचल. त्याच्यापुढे राक्षसही सुधारतो, मग हाकलायचे कोणाला? आणि योशिनोच्या किंपुसेनजी देवळात तर सुखाबरोबर राक्षसालाही आतच बोलावतात, कारण साऱ्या देशाने हाकललेले बिचारे जाणार कुठे!

उधळून झाले की ज्याचे जेवढे वय तेवढे दाणे त्याने खायचे. कोणी पुढच्या वर्षासाठी एक जास्त घेतात. पोराने ताटलीत सहा मोजले, त्यावर एक. माझे सासष्ट मोजता मोजता त्याची दोनदा चूक झाली. दात कुठे आहेत माझे सासष्ट सोयाबीन चावायला! शेजारच्या आजींनी तोड सांगितली. म्हाताऱ्या माणसांनी कपात तीन दाणे टाकायचे, वर कढत चहा ओतायचा आणि प्यायचा. सगळे दाणे खाल्ल्याचे पुण्य त्यात येते. आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी बसून तो चहा प्यायला. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. कप मात्र दोनदा भरला.

दाणे खाता खाता पोर म्हणाले, "आजी, तुझ्या आत कोणता ओनी आहे?"

होइकुएनमध्ये बाई मुलांना विचारतात म्हणे की तुमच्या पोटात कोणता ओनी बसला आहे? कोणाचा रडका, कोणाचा चिडका, कोणाचा भाजी न खाणारा. मग त्याला बाहेर घालवायचा. याचा ओनी रडका होता. म्हणूनच मघाशी दारापाशी डोळ्यांत पाणी आणले नव्हते बिचाऱ्याने.

मला पटकन थट्टेचे उत्तर देता आले असते. पण तोंडून निघाले, "माझा रुसका ओनी आहे रे."

ते तसे का निघाले ते सांगते. हे पोर 2016 सालच्या ऑक्टोबरात झाले. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईने जायचे असते. मी गेले नाही. सोयाबीनची काढणी आहे, मजूर मिळत नाहीत, असे सांगितले. काढणी होती हे खोटे नाही. पण मजूर मिळाले होते. पोरगी इतक्या लांब गेली, जाताना मला विचारले नाही, सांगितले फक्त, हा राग मनात होता. काढणीच्या आड मी तो लपवला. तिने त्या परक्या देशात एकटीने बाळंतपण काढले आणि मला एका शब्दाने कधी बोलली नाही.

"रुसका म्हणजे काय?" पोराने विचारले. त्याला तो शब्द माहीत नव्हता.

"म्हणजे आपल्या माणसाशी बोलायचं नाही, असं ठरवून बसतो तो."

"मग त्याला पण मारू?"

"मार."

त्याने ताटलीतला एक दाणा घेतला आणि हलकेच माझ्या पोटावर टाकला. लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला वाटले, झोपली. थोड्या वेळाने ती तशीच म्हणाली, "आई, पलंगाखाली खूप दाणे गेलेत. उद्या झाडू नकोस. मी उठेन तेव्हा आपण दोघी वेचू."

रात्री साडेदहाला जावईबापू आले. पोर मासू उशाशी घेऊन झोपले होते. दारात ठेवलेला मुखवटा त्यांनी हातात आणला होता. पायांखाली दाणा कुरकुरला तसे थबकले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "झालं का हो सगळं? ओनी कोण झालं?"

लेकीने माझ्याकडे बोट केले. मी जावयासमोर कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला आणि त्यांचे अडतीस दाणे त्यांच्यापुढे ठेवले.